गाव नावाचा रकाना

सोलापुरात पार्क चौकात उभे राहा. समोरच्या मैदानाचं कागदावरचं नाव इंदिरा गांधी स्टेडियम, पण सोलापूरकरांच्या तोंडी ते पार्कच. जवळच होम मैदान, भुईकोट किल्ला आणि सिद्धेश्वरांचं तळं. तुमच्या काखेत एक जुनं स्कोअरबुक आहे. त्याच्या मागच्या कोऱ्या पानांवर तुम्ही पेन्सिलीनं तीन रकाने आखलेत : खेळाडू, वय, गाव.

आज तुम्हाला भारताच्या एकोणीस वर्षांखालच्या क्रिकेट संघाच्या मागं जायचंय. हा संघ इतर संघांसारखा नाही. मोठ्या संघात एकजण निवृत्त होतो, दुसरा येतो, आणि जुन्या सामन्यांच्या गोष्टी सांगणारा कुणी ना कुणी ड्रेसिंग रूममध्ये उरतोच. इथं वयच नाव कापतं. दोन वर्षांत सगळी पोरं बदलतात, छातीवरचं नाव तेवढं तेच राहतं. त्यामुळं या संघाला स्वतःची आठवण नसते. ती कुणीतरी बाहेरून सांभाळावी लागते. आज ते काम तुमचं.

गिरणीचा भोंगा वाजतो. सोलापुरात आता भोंगा वाजत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. म्हणजे तुम्ही निघालात.

मार्च १९८८

ऊन तापायला लागलंय. लक्ष्मी-विष्णू गिरणीची पाळी सुटलीय आणि सायकलींचा लोंढा तुमच्या अंगावरून वाहतोय. केसांवर कापसाची पिंज घेऊन माणसं घरी निघालीत. मराठी, तेलुगू, कानडी, उर्दू, सगळ्या बोलींचा गलका एकाच रस्त्यावर चाललाय. चहाच्या टपरीवर क्रिकेट निघालंच आहे. वानखेडेवर इंग्लंडनं विश्वचषकातून बाहेर काढलं, त्याला चारच महिने झालेत. ती जखम अजून ओली आहे. त्यावर फुंकर म्हणून नरेंद्र हिरवाणी. जानेवारीत मद्रासला पहिल्याच कसोटीत त्यानं वेस्ट इंडीजच्या सोळा विकेट काढल्या. टपरीवरचा एकजण बोटं वळवून त्याची गुगली दाखवतो.

ऑस्ट्रेलियात या घडीला पोरांचा पहिला विश्वचषक चाललाय, हे इथं कुणीच बोलत नाही.

तुम्ही हिराचंद नेमचंद वाचनालयात जाता आणि लाकडी दांडीला लावलेला पेपर उघडता. बारीक अक्षरातली ओळ शोधायला बोट फिरवावं लागतं. ऑस्ट्रेलियात गोऱ्यांची वसाहत झाल्याला दोनशे वर्षं झाली, त्या सोहळ्याचा भाग म्हणून ही स्पर्धा भरवलीय. कसोटी खेळणारे सात देश आणि बाकीच्या छोट्या देशांचा मिळून एक, असे आठ संघ. वेस्ट इंडीजचा कर्णधार ब्रायन लारा नावाचा पोरगा आहे. पाकिस्तानकडे इंझमाम, इंग्लंडकडे आथर्टन आणि नासिर हुसेन, श्रीलंकेकडे जयसूर्या. वाचनालयात शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याला तुम्ही ही नावं वाचून दाखवलीत तर तो मान हलवून आपल्या पानाकडं वळेल. ही नावं अजून कुणाचीच झालेली नाहीत.

भारताचा कर्णधार एम. सेंथिलनाथन, तमिळनाडूचा. यष्टीमागं नयन मोंगिया, फिरकीला व्यंकटपती राजू. गाव नावाच्या रकान्यात तुम्ही बडोदा लिहिता, हैदराबाद लिहिता. भारत उपांत्य फेरी गाठत नाही. अॅडलेडला ऑस्ट्रेलिया पाकिस्तानला हरवून चषक उचलते आणि मग हा विश्वचषकच बंद पडतो. पुढचा भरायला दहा वर्षं लागणार आहेत. १९८८ ला जी पोरं नऊ-दहा वर्षांची आहेत, त्यातली निम्मी त्याची वाट पाहता पाहताच वयातून निघून जातील.

१८ जानेवारी १९९८

संक्रांत होऊन चार दिवस झालेत, सिद्धेश्वरांच्या जत्रेचा गड्डा ऐन भरात आहे. होम मैदानावर पाळणे फिरतायत, उजेडाचे गोल अंधारात वर जाऊन खाली येतायत. पांढऱ्या बाराबंदीतल्या माणसांनी सातही नंदीध्वज खांद्यावर पेलून मिरवले, शोभेचं दारूकाम झालं, आता उरलीय ती निव्वळ जत्रा. रविवार आहे, तरीही रस्ते संध्याकाळी एकदम ओस पडलेत. ज्या दुकानात टीव्ही आहे, तिथं माणसांची भिंत उभी आहे.

ढाक्यात भारत-पाकिस्तान अंतिम सामना चाललाय. समोर ३१५ धावा. आजवर एकदिवसीय सामन्यात एवढ्या धावांचा पाठलाग कुणीच केलेला नाही. तिथं उजेड मावळत आलाय. दोन चेंडू उरलेत, तीन धावा हव्यात, सकलेन मुश्ताक चेंडू घेऊन येतोय आणि समोर पुण्याचा डावखुरा हृषीकेश कानिटकर. बॅट फिरते, चेंडू मिडविकेटच्या सीमेपार. दुकानातली भिंत फुटते, माणसं रस्त्यावर येतात, कुणीतरी टोपी उडवतं. “आपला पोरगा हाय बे!” एकजण तुमच्या पाठीत धपाटा घालतो. आपला म्हणजे महाराष्ट्राचा. या एका शब्दात केवढं अंतर मावतं, ते ध्यानात ठेवा.

कारण याच आठवड्यात दक्षिण आफ्रिकेत पोरांचा दुसरा विश्वचषक चाललाय. कर्णधार मुंबईचा अमित पागनीस, संघात सेहवाग, हरभजन, कैफ. गड्ड्यातल्या कुणाला ते माहीत नाही. अंतिम सामन्यापर्यंत हा संघ पोचत नाही. कानिटकरचं नाव पानाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. संघाच्या यादीत ते बसत नाही, पण ते पुन्हा लागणार आहे.

२८ जानेवारी २०००

शुक्रवार. पोरांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना. कोलंबोच्या सिंहलीज मैदानावर श्रीलंका १७८ वर संपते आणि भारत सहा गडी राखून जिंकतो. पहिल्यांदाच. कर्णधार मोहम्मद कैफ, प्रशिक्षक रॉजर बिन्नी, स्पर्धेचा मानकरी युवराज सिंग. कैफ अलाहाबादचा. तुमची पेन्सिल जरा रेंगाळते, कारण गावाच्या रकान्यात आता महानगरं सोडून दुसरी नावं उतरू लागलीत.

इथून पुढं सोलापूरला एक सवय लागते, तीही हळूहळू. पोरांच्या संघातलं नाव दिसलं की माणसं विचारतात, “हा कुठला?”

१९ फेब्रुवारी २००६

पुन्हा कोलंबो, पुन्हा अंतिम सामना, आता प्रेमदासा. पाकिस्तानला १०९ वर गुंडाळलंय. अर्ध्या वेळेला तुम्हाला हायसं वाटतं, तुम्ही उठून पाणी पिऊन येता. परत येईपर्यंत फलकावर उभं आहे : ६ बाद ९.

पुन्हा वाचा. नऊ धावा, सहा गडी. अन्वर अलीचा चेंडू आत येतो आणि दांडी उडते, पुन्हा येतो आणि पुन्हा उडते. संघात चेतेश्वर पुजारा आहे, रोहित शर्मा आहे, रवींद्र जडेजा आहे. पुढं काय घडणार ते तुम्हाला माहीत आहे. त्या पोरांना नाही. ७१ वर सगळे बाद होतात. तुम्हाला उठून त्यांच्याजवळ जावंसं वाटतं, सांगावंसं वाटतं, की बाबांनो, तुमच्यातला एक कसोटीत दिवस दिवस उभा राहणार आहे, एक द्विशतकांची सवय लावणार आहे, आजचा दिवस शेवटचा नाही.

पण तसं सांगता येत नाही. शिवाय ते अर्धंच खरं आहे. त्या अकराजणांत असेही होते ज्यांच्यासाठी तोच दिवस सगळ्यात मोठा होता. पोरांच्या संघाचा इतिहास म्हणजे पुढं मोठे झालेल्यांची यादी, असं आपण मानतो आणि बाकीच्यांची नावं गाळतो. तुम्ही गाळू नका. स्कोअरबुकात नंबर अकराच्या खेळाडूलाही एक ओळ असतेच.

३ फेब्रुवारी २०१८

मधली दोन पानं भराभर उलटा. २००८, क्वालालंपूर, विराट कोहलीचा संघ. २०१२, टाउन्सव्हिल, उन्मुक्त चंदचा. दोन्ही वेळा चषक. मग न्यूझीलंडमधल्या माउंट माँगानुईला थांबा. ऑस्ट्रेलिया २१६, मनजोत कालराच्या नाबाद १०१, आठ गडी राखून विजय. कर्णधार विरारचा पृथ्वी शॉ. कडेला उभे प्रशिक्षक राहुल द्रविड.

या दिवशी मैदानावरच्या आनंदापेक्षा एका नियमाकडं लक्ष द्या. २०१६ पासून भारतीय मंडळानं ठरवलंय की एका खेळाडूनं एकोणीस वर्षांखालचा विश्वचषक एकदाच खेळायचा. वय उरलं असलं, तरी दुसऱ्यांदा नाही. ऐकायला हे कठोर वाटतं. पण या नियमानं दर दोन वर्षांनी पंधरा-सतरा जागा पूर्ण मोकळ्या होतात, आणि त्या जागांकडं जाणारी शिडी पार तुमच्या पायाशी येऊन टेकते. ती अशी : जिल्ह्याचा संघ, जिल्ह्याजिल्ह्यांच्या निमंत्रित स्पर्धा, तिथून महाराष्ट्राचा संघ. मग एकदिवसीय सामन्यांसाठी विनू मांकड करंडक, चार दिवसांच्या सामन्यांसाठी कूचबिहार करंडक, चॅलेंजर स्पर्धा, बंगळुरूचं शिबिर, आणि शेवटी ती यादी. पायरीगणिक शेकडो पोरं गळतात. सोलापूरच्या पोराला तर आधी पुण्याची गाडी धरावी लागते. पहाटे क्रिकेटची बॅग खांद्याला लावून फलाटावर उभा असलेला पोरगा आणि त्याच्या शेजारी डबा धरून उभा बाप, हे दृश्य या शहरानं किती वेळा पाहिलंय, त्याची नोंद कुठल्याच स्कोअरबुकात नाही.

जानेवारी २०२२

गड्डा आहे, पण गर्दी नाही. ओमायक्रॉनमुळं निर्बंध लागलेत, तोंडांवर मुसकं आहेत, होम मैदानाचा आवाज हरवलाय. तुम्ही मोबाईलवर सामना लावता. वेस्ट इंडीजमधली स्पर्धा, १९ जानेवारी, त्रिनिदादचं ब्रायन लारा स्टेडियम. १९८८ च्या पेपरातला तो पोरगा आता मैदानाचं नाव झालाय.

भारतीय संघात कोविड शिरलाय. कर्णधार यश धुल आणि उपकर्णधार शेख रशीद यांच्यासह सहाजण विलगीकरणात आहेत. उरलेत नेमके अकरा. एकालाही बाहेर बसायची सोय नाही. निशांत सिंधू नेतृत्व करतोय. आयर्लंडसमोर डाव संपत आलाय आणि फलंदाजीला येतो एक धिप्पाड पोरगा. सतरा चेंडूंत नाबाद ३९. चेंडू एकामागून एक सीमेपार जाऊन पडतायत. भारत ३०७, आणि १७४ धावांनी विजय.

हा राजवर्धन हंगरगेकर. गाव? पेन्सिल थबकते, आणि तुम्ही लिहिता : तुळजापूर.

इथून पंचेचाळीस किलोमीटर. कोजागरीला सोलापूरची माणसं ज्या रस्त्यानं रात्रभर चालत आई भवानीला जातात, त्याच रस्त्याच्या टोकाचं गाव. या पोरानं कोविडमध्ये वडील गमावलेत. तो आधी ऑफस्पिन टाकायचा, मग वेगाकडं वळला. १९९८ ला ‘आपला’ म्हणताना तुम्ही पुण्यापर्यंत हात लांबवला होता. आता चालत जाता येईल इतकं ते जवळ आलंय. कडेला उभ्या प्रशिक्षकाकडं पाहा. हृषीकेश कानिटकर. कोपऱ्यात लिहिलेलं नाव आता यादीत घ्या.

५ फेब्रुवारीच्या रात्री अँटिग्वात अंतिम सामना. इंग्लंड १८९. राज बावाच्या पाच विकेट, रवी कुमारच्या चार. ९५ वर खेळणाऱ्या जेम्स रूचा झेल पुण्याच्या कौशल तांबेच्या हातून निसटतो आणि जमिनीला टेकायच्या आत तोच तो पुन्हा पकडतो. घड्याळात दीड वाजत आलाय, घर झोपलंय. दिनेश बाना सलग दोन षटकार मारतो आणि संपतं. तुम्ही उशीत तोंड खुपसून ओरडता. काही तासांनी, ६ फेब्रुवारीच्या सकाळी, लता मंगेशकर गेल्याची बातमी येते. रात्रीच्या आनंदाबद्दल मग कुणी कुणाशी बोलत नाही. १९८३ च्या विजयी संघासाठी लताबाईंनी दिल्लीत गाण्याचा कार्यक्रम केला होता, हे तुम्हाला आठवतं. स्कोअरबुकाचं ते पान तुम्ही त्या दिवशी मिटून ठेवता.

जानेवारी–फेब्रुवारी २०२४

आता कुठं जायचं कारण नाही. तुम्ही पार्कवरच आहात. ५ जानेवारी, शुक्रवार, आणि इथं बऱ्याच वर्षांनी रणजी सामना होतोय, महाराष्ट्र विरुद्ध मणिपूर. शाळांची पोरं कठड्याला लोंबकळलीत. पण ज्या पोराबद्दल सगळे बोलतायत, तो इथं नाही. तो दक्षिण आफ्रिकेत आहे, एकोणीस वर्षांखालच्या संघासोबत.

अर्शिन कुलकर्णी. जन्म १५ फेब्रुवारी २००५, सोलापूर. मागच्या जूनमध्ये महाराष्ट्र प्रीमियर लीगमध्ये नाशिककडून खेळताना त्यानं पुण्याच्या संघाविरुद्ध ५४ चेंडूंत ११७ धावा केल्या, तेरा षटकार मारले, चार विकेटही काढल्या, आणि सामना एका धावेनं जिंकला. डिसेंबरच्या आयपीएल लिलावात लखनऊनं त्याला वीस लाखांना घेतलं. पोरांच्या विश्वचषकाच्या संघाची यादी तुम्ही उघडता. सलामीला तो. गाव नावाच्या रकान्यात तुम्ही पहिल्यांदा स्वतःच्या शहराचं नाव लिहिता. अक्षर जरा वाकडं येतं.

२८ जानेवारी, रविवार, ब्लोमफाँटेन, समोर अमेरिका. दुपारी दीडला सामना सुरू होतो. तो घाई करत नाही. चांगल्या चेंडूला मान देतो, वाईट चेंडूला सोडत नाही. ११८ चेंडूंत १०८. भारत ३२६, विजय २०१ धावांनी. चौकाचौकात मोबाईलभोवती डोकी जमलीत. आज “हा कुठला?” असं कुणी विचारत नाही.

याच संघात सचिन धस आहे, बीडचा. वडिलांनी तेंडुलकरच्या नावावरून त्याचं नाव ठेवलं, त्याच्या पाठीवर दहा आकडा आहे. प्रशिक्षक कानिटकरच. ६ फेब्रुवारीला बेनोनीत उपांत्य सामना, यजमानांच्या २४४ धावा. क्वेना मफाका पहिल्याच चेंडूवर आदर्श सिंगला बाद करतो. अर्शिन १२ वर जातो. ४ बाद ३२. तुमच्या अंगावर काटा येतो. अशी पडझड तुम्ही कोलंबोत पाहिलीय. पण कर्णधार उदय सहारन एका बाजूला खुंटा ठोकून उभा राहतो आणि दुसऱ्या बाजूनं बीडचा पोरगा खेळायला लागतो. १७१ धावांची भागी. सहारन ८१, सचिन ९६. शतकाला चार कमी असताना तो बाद होतो आणि मान खाली घालून चालू लागतो. एकोणपन्नासाव्या षटकात राज लिंबानी चौकार मारतो. दोन गडी राखून भारत अंतिम फेरीत.

सोलापूर आणि बीड, पाऊस चुकणारे दोन जिल्हे, एकाच संघात.

मग ११ फेब्रुवारी. तेच मैदान, समोर ऑस्ट्रेलिया. २५३. या वेळी सलामी टिकत नाही. अर्शिन तीन धावांवर यष्टीमागं झेल देतो. सचिन नऊवर. आदर्श सिंग ४७ पर्यंत झुंजतो, मुरुगन अभिषेक ४२. १७४ वर शेवटचा गडी पडतो. ७९ धावांनी हार. स्पर्धेत एकही सामना न हरता इथवर आलेली पोरं हिरवळीवर बसून राहतात. चार दिवसांनी अर्शिनचं एकोणिसावं वर्ष पूर्ण होणार आहे. वय उरलं असतं तरी नियमानं त्याला पुन्हा इथं येता आलं नसतं. हा संघ आजच्या संध्याकाळी संपला.

तुम्ही मोबाईल ठेवता. पार्क चौकात रविवारची गर्दी नेहमीसारखी आहे, पण पानटपरीवरचा आवाज खाली आहे. कुणी शिव्या देत नाही. एकजण एवढंच म्हणतो, “पोरं दमली असतील बे.” घरातल्या पोराबद्दल बोलावं, तसं. १९८८ ला याच शहराला त्या संघाचं नावही माहीत नव्हतं.

आज, पार्क

तुम्ही परत आलात. संध्याकाळचं ऊन भुईकोट किल्ल्याच्या भिंतीवर टेकलंय. मैदानाच्या कडेला जाळीत एक बारा-तेरा वर्षांची मुलगी गोलंदाजी करतेय. तिचे सहा चेंडू होईपर्यंत तुम्ही थांबता. मुलींनाही आता एकोणीस वर्षांखालचा विश्वचषक आहे. पहिल्याचा अंतिम सामना २०२३ च्या जानेवारीत पॉचेफस्ट्रूमला झाला आणि तो भारतानंच जिंकला. त्यासाठी वेगळं पान आखायला हवं, हे तुमच्या आत्ता लक्षात येतं.

ती पाणी प्यायला येते. तुमच्या मांडीवरचं उघडं पान पाहून विचारते, “काका, हे कशाचं ओ?”

तुम्ही तिला दाखवता. बडोदा, हैदराबाद, मुंबई, अलाहाबाद, विरार. मग तुळजापूर. मग सोलापूर आणि त्याच्याखाली बीड. ६ बाद ९ कसे झाले ते सांगता, ४ बाद ३२ नंतर काय झालं तेही सांगता. ती सोलापूरवर बोट ठेवून थोडा वेळ बघत राहते. मग खालच्या रिकाम्या ओळी मोजते, आणि हाक आली म्हणून पळत जाळीत जाते.

तुम्ही पट्टी काढता, नवं पान उलटता आणि तीन रकाने आखायला घेता. गावाचा रकाना आधी.